गांधारीला कुणी विचारलं?

जानेवारी २०१९ मध्ये जालंधरला भारतीय विज्ञान परिषदेचं अधिवेशन भरलं होतं. तिथं आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनी जाहीर केलं की शंभर कौरव हे स्टेम सेल आणि टेस्ट ट्यूब तंत्रज्ञानातून जन्मले. दोन दिवस देशभर हशा पिकला. आमच्या कचेरीतही चहाच्या वेळी विषय निघाला, कुणीतरी धृतराष्ट्राच्या नावाने केसपेपर काढला, सगळे हसले आणि आपापल्या फाइलींकडे वळले.

कुलगुरूंवर हसण्यात मला फारसा रस नाही. विमानापासून अणुबॉम्बपर्यंत सगळं पुराणात शोधायची आपली हौस जुनी आहे. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ती गोष्ट त्यांनी सांगितली, पण नीट सांगितली नाही. दोन वर्षं पोटात गर्भ वागवलेली गांधारी, कुंतीला मुलगा झाल्याचं ऐकून जिवाचा संताप करून स्वतःच्याच पोटावर आघात करून घेते. बाहेर पडतो तो लोखंडासारखा कठीण मांसाचा गोळा. ती तो टाकून द्यायला निघते, तेव्हा व्यास येतात आणि तुपाने भरलेले घडे मांडायला सांगतात. कुलगुरूंना यातले घडे दिसले, तंत्र दिसलं, शंभर हा आकडा दिसला. ती बाई दिसली नाही.

मूलपेशींबद्दल, म्हणजे स्टेम सेलबद्दल, गेल्या पंचवीस वर्षांत आपल्याकडे जे काही बोललं गेलं त्याचं नेमकं हेच झालंय. म्हणून हा प्रपंच.

आधी विषय काय तो सरळ सांगतो. मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे, कला शाखेचा पदवीधर; पण समजायला फार अवघड नाही. बीज फळल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण म्हणजे साधारण शंभर-दीडशे पेशींचा एक पोकळ गोळा असतो, टाचणीच्या टोकाहून लहान. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एक पुंजका असतो. त्या पेशींचं अजून काहीच ठरलेलं नसतं. त्यांच्यापासून हाड होऊ शकतं, हृदयाचा स्नायू होऊ शकतो, मेंदूतली पेशी होऊ शकते. त्या काढून प्रयोगशाळेत वाढवल्या की वाढतच राहतात. अशा एकेका घराण्याला ‘लाइन’ म्हणतात. अमेरिकेत विस्कॉन्सिनला जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या भ्रूणातून अशा लाइनी काढून दाखवल्या. अडचण एकच. पेशी काढल्या की भ्रूण उरत नाही.

हे भ्रूण येतात कुठून? बहुतेक टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातून. एका खेपेला बाईची पाच-सात-दहा बीजं काढतात, त्यातून काही भ्रूण तयार होतात, एक-दोन गर्भाशयात सोडतात, बाकीचे गोठवून ठेवतात. मूल झालं, घर भरलं, की ते उरतात. त्या उरलेल्यांचं काय करायचं, हा सगळा वाद.

अमेरिकेत तो वाद कडाक्याचा झाला. ९ ऑगस्ट २००१ ला अध्यक्ष बुश यांनी टीव्हीवर भाषण करून सांगितलं की त्या दिवसापर्यंत तयार झालेल्या लाइनींवरच्या संशोधनालाच सरकारी पैसा मिळेल, नव्या भ्रूणांना हात लावायला नाही. मार्च २००९ मध्ये ओबामांनी ते बंधन उठवलं. मधल्या आठ वर्षांत तिथं निवडणुका, कोर्टकज्जे, चर्चमधली प्रवचनं, सगळीकडे हा विषय गाजला.

आता गंमत बघा. बुश यांच्या भाषणानंतर अमेरिकी सरकारने चालतील अशा लाइनींची यादी छापली, तिच्यात दहा लाइनी भारतातल्या होत्या. सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या, तीन बेंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसच्या. ज्या प्रश्नावरून अमेरिकेत रान पेटलं होतं, तो प्रश्न आपल्या मुंबईत कधीच मागे पडला होता, आणि मराठी माणसाला त्याचा पत्ताच नव्हता. बातमी आली तीही ‘भारत आघाडीवर’ अशी. ज्या बायकांच्या बीजांतून त्या सात लाइनी निघाल्या, त्यांना काय सांगितलं होतं, कुठल्या भाषेत सांगितलं होतं, हे आपण कुणी विचारलं नाही. संमती घेतली नसेल असं मी म्हणत नाही. घेतलीच असेल. आपण विचारलं नाही, एवढंच म्हणतोय.

न विचारण्याचं कारणही ठरलेलं होतं. आमच्या धर्मात याला आडकाठी नाही! हे वाक्य तेव्हापासून इतक्यांदा ऐकलंय की त्याचा सुभाषित व्हायचा तेवढा बाकी आहे. ख्रिस्ती लोकांना पापाची भीती, आपण मात्र मोकळे, म्हणून या शास्त्रात आपण पुढे जाणार.

हे साफ खोटं आहे. चरकाने शारीरस्थानात गर्भाची व्याख्या करताना शुक्र आणि शोणित यांच्या जोडीला जीवही धरलाय. तिघांचा कुशीत संयोग झाला की तो गर्भ. म्हणजे जीव कधी येतो हा प्रश्न त्याला पडला होता, आणि कूस हा शब्दही त्याने विसरून घातलेला नाही. काचेच्या बशीतल्या, कुशीत कधीच न गेलेल्या भ्रूणाला ही व्याख्या लागते की नाही, यावर आपल्या शास्त्री-पंडितांनी महिनाभर वाद घालायला हरकत नव्हती. भ्रूणहत्या हा शब्दही काही व्हॅटिकनहून आलेला नाही, आपल्याच धर्मशास्त्रातला आहे, आणि तिथं ते घोर पातक आहे. मग आडकाठी नाही ती कशी? आडकाठी नाही याचा खरा अर्थ, कुणी पाहिलंच नाही. याला उदारपणा म्हणत नाहीत. आमच्याकडे याला बेफिकिरी म्हणतात.

भ्रूणहत्या शब्द पेपरात आपण वाचला तो एकाच संदर्भात, मुलींच्या. तो लढा खराच होता. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण भ्रूण म्हणजे काय, तो कुणाचा, त्याच्याशी कसं वागायचं, हा मूळ प्रश्न त्यातून सुटला नाही. तो तसाच गोठवलेल्या नळीत पडून राहिला.

आणि कायदा? परळच्या के.ई.एम. इस्पितळात ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा चावडा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि टी. सी. आनंदकुमार यांचं ते काम. त्याच परळच्या प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेत पुढे २००९ च्या सुमाराला भ्रूणपेशींच्या दोन लाइनी तयार झाल्या, सरकारी संस्थेत, रीतसर. उपचार-केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००५ मध्ये आली, मूलपेशींसाठी २००७ मध्ये. चौदा दिवसांपलीकडे भ्रूण वाढवायचा नाही, उरलेल्या भ्रूणांतूनच लाइन काढायची तर समितीची परवानगी हवी, संमती हवी, हे सगळं त्यात आहे. पण तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे. कायदा आला तो २०२१ मध्ये, लागू झाला २५ जानेवारी २०२२ ला. म्हणजे हर्षा पस्तीस वर्षांची झाल्यावर.

हा कायदा मी वाचलाय, कारण वाचायची वेळ आली.

माझी मावसबहीण बडोद्याला असते, गोत्रीत. गोत्री हे एकेकाळी शहराबाहेरचं गाव, आता बडोद्यातच जमा. सासर गायकवाडांच्या अमदानीपासून तिकडे स्थायिक झालेलं मराठी घर. घरात मराठी, बाजारात गुजराती. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं, म्हणून २०२३ मध्ये शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात उपचार घेतले. दवाखान्याचं नाव देत नाही, त्याची गरजही नाही. मुलगा झाला, गोड आहे. तीन भ्रूण उरले, ते गोठवलेत, दर वर्षी त्याचे पैसे भरावे लागतात. गेल्या वर्षी तिने मला कागद पाठवले आणि फोन केला, “दादा, तू कागद वाचणारा माणूस. मी कशावर सही केलीय ते सांग बघू.”

बारा पानं. सगळी इंग्रजीत. सह्या बीज काढायच्या दिवशी सकाळी घेतलेल्या. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं घेऊन पोट फुगलेली, रात्रीपासून उपाशी, आता भूल देणार म्हणून घाबरलेली बाई, तिच्यासमोर बारा पानं. नवव्या पानावर तीन चौकोन: भ्रूण ठेवा, नष्ट होऊ द्या, संशोधनाला द्या. तिसऱ्यावर खूण होती. तिला ती केल्याचं आठवत नाही, नवऱ्यालाही नाही. तिने काउंटरवर जाऊन तीन प्रश्न विचारले. कोण नेणार? त्याचं काय करणार? त्यातून कुणी पैसे कमावणार का? काउंटरवरची मुलगी चांगली होती बिचारी. म्हणाली, “बधा ज करे छे, बेन.” सगळेच करतात.

वीस वर्षं मी सरकारी कचेरीत कागद हाताळतोय. सही म्हणजे काय असतं हे मला पुस्तकात वाचावं लागत नाही. ‘वाचून व समजून सही केली’ ही ओळ छापलेली असते, कारण ती खरी नसते. खरी असती तर छापावी लागली नसती. जमिनीच्या कागदावर न वाचता सही केलेला माणूस पुढे पंधरा वर्षं खेपा घालतो, हे आम्ही रोज बघतो. तिथं निदान जमीन जागेवर असते.

कायदा काय म्हणतो? लेखी संमतीशिवाय भ्रूण गोठवायचा नाही. दहा वर्षांहून जास्त ठेवायचा नाही. मुदत संपली की नष्ट होऊ द्यायचा, किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणी झालेल्या संशोधन संस्थेला द्यायचा. विकायचा नाही, संशोधनासाठी देशाबाहेर पाठवायचा नाही. कायदा वाईट नाही. पण सगळा डोलारा उभा आहे तो ‘संमती’ या एका शब्दावर, आणि तो शब्द नवव्या पानावर असा आहे.

कागद अपुरा असला की काय होतं याचं उदाहरण गोत्रीपासून तास-दीड तासावर आहे. आणंदमध्ये जुलै २००८ मध्ये एका जपानी जोडप्यासाठी दुसऱ्या बाईच्या पोटी मुलगी जन्मली, मांजी तिचं नाव. जन्माआधीच जोडप्याचा घटस्फोट झाला होता. मुलगी कुणाची, तिला पासपोर्ट कुणी द्यायचा, हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. करार करताना हा प्रसंग कुणाच्या मनात आला नव्हता. भाडोत्री मातृत्वावर बंदी आली ती २०२१ च्या दुसऱ्या कायद्याने. तेरा वर्षांनी.

दुसरं उदाहरण दिल्लीचं. २००२ च्या सुमारापासून तिथल्या एका खाजगी दवाखान्यात भ्रूणातल्या पेशी रुग्णांना टोचल्या जात होत्या, परदेशातूनही माणसं येत, भरपूर पैसे मोजून. पुराव्यानिशी सिद्ध झालेलं काही नाही. या सगळ्या पेशी एकाच उरलेल्या भ्रूणातून वाढवल्यात, असं तो दवाखाना सांगे. एकच भ्रूण, म्हणजे एकच बाई. तिच्या पोटच्या बीजाची शेकडो इंजेक्शनं झाली. तिला हे सगळं सांगून विचारलं असेल का हो कुणी? चाचणीच्या बाहेर असे उपचार करणं अनैतिक आहे असं वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची तत्त्वं स्वच्छ सांगतात. तरी ‘स्टेम सेलने गुण येतो’ अशी जाहिरात गोव्यात राहूनही माझ्या फोनवर येते.

आता आपल्या गोव्यातल्या वाचकांना वाटेल, हा माणूस चर्चच्या बाजूने बोलायला लागला की काय. नाही. पण चर्चला एका गोष्टीचं श्रेय देतो. त्यांनी प्रश्न टाळला नाही. १९८७ च्या आणि २००८ च्या अशा दोन पत्रकांत व्हॅटिकनने सांगितलं की बीज फळल्या क्षणापासून तो माणूस, म्हणून भ्रूण मोडायचा नाही, आणि म्हणून टेस्ट ट्यूब बेबीही नको. हे मत कडक आहे, पण एकसंध आहे. माझ्या शेजारची कितीतरी ख्रिस्ती माणसं ते जमेल तसं पाळतात. बुश यांचं धोरण मात्र मला कधी कळलं नाही. दवाखान्यातले उरलेले भ्रूण फेकून दिलेले चालतात, त्यांच्यातून औषध शोधायला सरकारी पैसा चालत नाही, याला तत्त्व म्हणायचं?

चर्चचं उत्तर मला पटत नाही. पाचव्या दिवसाचा, कुशीत न गेलेला, कधीच न जाणारा भ्रूण म्हणजे मूल, हे मन घेत नाही. फळलेली कितीतरी बीजं निसर्गात आपोआप वाहून जातात, त्यांचं सुतक आपण पाळत नाही. पण मग तो कचरा का? तसंही नाही. या दोहोंच्या मधली एक जागा आपल्याला चांगली माहीत आहे. चवथ संपली, गणपती पोचवला, की माटोळीची फळं आणि पूजेची फुलं आपण उकिरड्यावर टाकत नाही. ते निर्माल्य. त्यात आता देव नाही हे आपल्याला कळतं, तरी त्यावर पाय पडला तर आपण चुकचुकतो. ते पाण्यात सोडतो, नाहीतर हल्ली त्याचं खत करून झाडांना घालतो, आणि त्यात कुणाला पाप वाटत नाही. मात्र शेजारच्या देव्हाऱ्यातलं निर्माल्य न विचारता उचलून नेऊन बाजारात विकलं, तर? उरलेल्या भ्रूणाचं मला असंच दिसतं. त्याचं सोनं व्हावं. पण ज्या घरचं, त्या घराला विचारून.

आणि सोनं होऊ शकतं, हे आता नुसतं आश्वासन राहिलेलं नाही. २०२५ मध्ये कंपवाताच्या बारा रुग्णांच्या मेंदूत मूलपेशींपासून केलेल्या पेशी सोडल्याची पहिली चाचणी प्रसिद्ध झाली. मुख्य धोका उद्भवला नाही, पुढच्या मोठ्या चाचणीला वाट मोकळी झाली. त्याच वर्षी मधुमेहाच्या बालपणापासूनच्या प्रकारातल्या, पूर्ण मात्रा दिलेल्या बारांपैकी दहा रुग्णांना वर्षभरानंतर इन्सुलिन टोचावं लागत नव्हतं. शरीराने त्या पेशी नाकारू नयेत म्हणून दुसरी औषधं घ्यावी लागतात, हेही खरं. पण ज्याच्या घरात रोज सुई टोचली जाते त्याला विचारा याची किंमत. कुणी म्हणेल, जपानच्या यामानाकांनी २००७ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशींपासूनच मूलपेशी करून दाखवल्या, नोबेल मिळालं, आता भ्रूण हवेत कशाला? काही कामं त्यांनी भागतात, सगळी अजून नाही. कंपवाताच्या त्या चाचणीतल्या पेशी थॉमसन यांच्या १९९८ च्या पाच लाइनींपैकी एकीतून वाढवलेल्या आहेत.

इथं जरा थांबा. १९९८ मध्ये कुठल्यातरी जोडप्याने एक भ्रूण दिला, आणि त्यातून वाढलेल्या पेशी आज अनोळखी माणसांच्या डोक्यात काम करताहेत. लाइन मरत नाही. जमिनीचं खरेदीखत जितकं जपून करतो त्याच्या दसपट जपून करायची ही सही आहे.

माझं म्हणणं म्हणून कारकुनी आहे, आणि कारकुनीच राहू द्या. संशोधनाच्या संमतीचा कागद उपचाराच्या कागदांपासून वेगळा काढा. तो बीज काढायच्या दिवशी घेऊ नका. मूल झाल्यावर, घरी नेऊन, महिनाभर वाचायला द्या. तो मराठीत, कोकणीत, गुजरातीत असू द्या, आणि समजावून सांगणारं माणूस दवाखान्याच्या पगारावरचं नको. कोणती संस्था, कोणतं काम, त्यातून कंपनीला नफा होणार की नाही, हे नावानिशी लिहा. भ्रूण वापरला जाईपर्यंत मन बदलायची मुभा ठेवा, आणि ती मुभा आहे हे ठळक छापा. आणि दर वर्षी आकडा जाहीर करा: राज्यात किती भ्रूण गोठवलेले, किती नष्ट झाले, किती कुठल्या संस्थेला गेले. नोंदवही ठेवायची तरतूद कायद्यात आहे. नोंदवहीतला आकडा लोकांसमोर येत नसेल तर ती नोंदवही कुणासाठी?

यातल्या एकाही गोष्टीने संशोधन एक दिवसही अडत नाही. उलट, विचारून घेतलेल्या भ्रूणावर झालेलं काम पुढे कोर्टात अडकत नाही. गोमेकॉत बांबोळीला २०२३ मध्ये सरकारी उपचार केंद्र सुरू झालंय, म्हणजे हा कागद आता आपल्याही लेकी-सुनांच्या पुढ्यात येणार आहे. गोवा लहान राज्य आहे. हा एक कागद नीट करणं आपल्याला जड नाही. देशाला नमुना देता येईल.

मावसबहिणीने शेवटी लेखी अर्ज करून ती खूण रद्द करून घेतली. द्यायचं नाही असं तिचं म्हणणं नाही. नाव कळलं, काम कळलं, तर तीनही देईन, म्हणते. अजून कुणी कळवलेलं नाही.

महाभारतात त्या गोळ्याचे भाग होत असताना गांधारीच्या मनात येतं की शंभर मुलगे होतील, पण एक मुलगी असती तर. आणि व्यास मोजतात तर शंभराच्या वर एक भाग उरलेला असतो. तीच दुःशला. त्या गोष्टीत निदान त्या बाईच्या मनातलं काहीतरी घड्यापर्यंत पोचलं होतं. कुलगुरूंना कौरव आठवले, दुःशला आठवली नाही. आपल्याला तरी आठवावी.

पटलं नाही तर भांडा. पण भांडायच्या आधी, घरात असे कागद असतील तर नववं पान काढून बघा.